वाचकांचे प्रश्न : अशा दिवसांत घरात हसावे का?

(हे प्रश्न आणि उत्तरे २०२१ च्या मध्यावरची, करोनाच्या दुसऱ्या लाटेतली आहेत.)

प्रश्न : आमचे घर कोल्हापुरात राजारामपुरीत आहे. आम्ही दोघे, सासूबाई, यंदा दहावीला असलेली मुलगी आणि आठवीतला मुलगा, असे पाच जण करोनामुळे मार्च २०२० पासून जवळजवळ अखंड एकत्र आहोत. बाहेरच्या बातम्यांनी जीव घाबरा होतो. आमच्या गल्लीतलीही माणसे गेली. तरीही घरात एवढे हसणे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. मुलगा हजेरी घेणाऱ्या सरांचा आवाज काढून दाखवतो. आज्जी व्हिडिओ कॉलवरही फोन कानालाच लावते, त्यामुळे पलीकडच्या नातेवाइकांना नुसता कान दिसतो, आणि दोन्ही मुले हसून लोळतात. घटकाभरात मात्र मुलगी दार लावून घेते. मुलगा रात्री दोनपर्यंत जागा असतो आणि सकाळी कॅमेरा बंद ठेवून अंथरुणातूनच तासाला बसतो. अशा काळात घरात हसणे शोभते का? आणि या दाराचे, जागरणाचे काय करावे?

उत्तर : ताई, हसणे शोभते. मेच्या मध्यावर जिल्ह्यात कडक लॉकडाऊन लागला, तेव्हा रात्री रुग्णवाहिकांचे आवाज तुमच्याइतकेच मुलांनीही ऐकले आहेत. सकाळी उठून त्यांनी आज्जीची थट्टा केली, यात बेपर्वाई नाही. या वयात भीती वाटली तरी ती सरळ शब्दांत क्वचितच बोलली जाते. ती नकलेतून, चिडवण्यातून, एखाद्या वाक्यावर दिवसभर हसण्यातून बाहेर पडते. जी मुले मोठ्यांच्या देखत त्यांची नक्कल करू शकतात, ती उद्या अडचणही समोर येऊन सांगतील, असे मला मनापासून वाटते. गल्लीतल्या दुःखाचे भान त्यांना उपदेशातून देण्यापेक्षा कामातून द्यावे. ज्या घरी विलगीकरण आहे, तिथे डबा दारात ठेवून, बेल वाजवून मागे सरकण्याचे काम मुलाकडे सोपवा, आणि भाकरी किती हव्यात, आमटी तिखट चालेल का, हे विचारणारा फोनही त्यालाच करू द्या.

मुलीविषयी तुम्ही ‘यंदा दहावीला’ एवढेच लिहून पुढे गेलात. मला तिथे थांबावेसे वाटते, कारण त्या लावलेल्या दारामागे बहुधा तीच गोष्ट आहे. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली. यंदाच्या, म्हणजे २०२१ च्या, निकालात १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावर, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावर आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक व गृहपाठावर ठरणार आहेत. पण या मुलांची नववी कशी झाली, ते आठवा. २०२० च्या एप्रिलमध्ये नववीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली होती, त्यामुळे तो निकाल मुख्यतः पहिल्या सत्रावर लागला. आणि ते सत्र म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे. पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, शाळा बंद होत्या, कुणाची वह्या-पुस्तके भिजली होती. त्या सत्रातले गुण आज आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेत उतरणार, हे सोळाव्या वर्षी पचवणे सोपे नाही. जिने वर्षभर मन लावून अभ्यास केला असेल, तिला ‘बरे झाले, सुटलीस’ हे नातेवाइकांचे वाक्य सर्वांत जास्त लागते. ते तिच्यासमोर बोलले जाणार नाही, एवढी काळजी घ्या, आणि तिने सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिका एकदा तिच्याशेजारी बसून पाहा. ती मेहनत कुणीतरी पाहिली पाहिजे.

दार लोटलेले राहू द्या. शाळेची वाट, क्लासनंतरच्या गप्पा, मैत्रिणीबरोबर रंकाळ्यावरची फेरी, ही तिची स्वतःची जागा होती. ती गेली आणि त्या बदल्यात तिला पाच माणसांचे घर मिळाले. घर सगळे एकत्र आहे याचा तुम्हाला होणारा आनंद खरा आहे आणि तिला होणारी घुसमटही खरी आहे. दारावर टकटक करून आत जाण्याचा नियम सासूबाईंसकट सगळ्यांनी पाळावा. जेवायला मात्र तिने बाहेर यावे, असा आग्रह तुम्ही धरू शकता, आणि तो धरावाही.

जागरणाचे थोडक्यात सांगतो. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते, म्हणून दहा वाजता त्याला झोप येत नाही, हा आळस नव्हे. मात्र या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते आणि दोन वाजता निजणाऱ्याला ती मिळत नाही. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, उठल्यावर त्याला गच्चीवर उन्हात पाठवा, कारण सकाळच्या प्रकाशाने ते घड्याळ मागे येते. आणि रात्री सगळ्यांचेच मोबाइल, तुमचेही, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा. एकट्या मुलाचा मोबाइल काढून घेतला, तर तो नियम राहत नाही, शिक्षा होते.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा शिवाजी पेठेत फुटबॉलवर वाढला. मैदान बंद झाल्यापासून तो रात्री मित्रांबरोबर मोबाइलवर गेम खेळतो आणि हेडफोन लावून ओरडत असतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले, पण त्याने लगेच दुसरा गेम शोधला. त्याला मोबाइल द्यावा का?

उत्तर : द्यावा, वेळ ठरवून द्यावा. तो कुणाशी ओरडतो, ते एकदा ऐका. बहुधा ती पेठेतलीच मुले असतील, आणि ती गेमइतकीच एकमेकांची विचारपूस, थट्टा आणि मागच्या सामन्यांची उजळणीही करत असतील. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जे चालत असे, त्यातले थोडे तिथे उरले आहे. त्याचा पाय मात्र चेंडूपासून तुटू देऊ नका. संध्याकाळी गच्चीवर कुंड्या बाजूला सारून तुम्ही गोलरक्षक म्हणून उभे राहा. वडिलांना गोल मारण्याची संधी सहसा कुठला मुलगा सोडत नाही. काळजी करावी ती वेगळ्या गोष्टींची : मित्रांशी बोलणेही बंद झाले, जेवणावरची वासना गेली, आवडत्या खेळाचे नाव काढले तरी तो गप्प राहू लागला, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले, तर वाट न पाहता तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला आणि त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर मात्र दोन आठवडे नव्हे, एक दिवसही थांबू नका.