एनबीएतील श्रीमंत संघ पंधराव्या खेळाडूची जागा रिकामी का ठेवतात, आणि शेवटच्या जागा भरतात तरी कशा?

तुमचा प्रश्न असा आहे की एनबीएतला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, जो संघ खेळाडूंच्या पगारावर वर्षाला वीस कोटी डॉलर सहज खर्च करतो, तो तेवीस लाख डॉलरांच्या पंधराव्या खेळाडूसाठी हात आखडता का घेतो, आणि मग त्या शेवटच्या जागा भरल्या कशा जातात. थोडक्यात सांगायचे तर त्या खेळाडूच्या हाती पडणारा पगार आणि त्याच्यापायी संघाला येणारा खर्च या दोन निराळ्या रकमा आहेत, आणि संघ जितका महाग, तितके त्या दोहोंमधले अंतर वाढत जाते. मी व्यवसायाने कॉस्ट अकाउंटंट असल्यामुळे सामन्यांइतकाच हा हिशेबही मला गोडीने पाहावासा वाटतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबले आहे.

आधी मर्यादांविषयी. २०२५-२६ च्या हंगामात सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १५.४६ कोटी डॉलर होती, लक्झरी टॅक्सची रेषा (जिच्या वरच्या रकमेवर संघाला जादा कर भरावा लागतो) १८.७९ कोटींवर, आणि त्याहून वरच्या, संघाच्या व्यवहारांवर बंधने आणणाऱ्या दोन रेषांपैकी पहिला एप्रन १९.५९ कोटींवर आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटींवर होता. यांपैकी कॅप ही नावापुरतीच मर्यादा आहे, कारण ती ओलांडण्याच्या सवलती नियमांतच दिलेल्या आहेत. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी सवलत संघाला स्वतःचाच खेळाडू कॅपच्या वर जाऊन राखू देते. मिड-लेव्हल सवलतीतून बाहेरचा एखादा मध्यम किमतीचा खेळाडू घेता येतो. आणि किमान वेतनावरचा खेळाडू तर कोणताही संघ, कितीही वरच्या पातळीवर असला तरी, करारबद्ध करू शकतो (एक अपवाद पुढे येईल). त्यामुळे बहुतेक संघांच्या यादीत वरचे आठ-नऊ खेळाडू मोठ्या करारांचे आणि खालचे चार-पाच किमान वेतनाचे अशी रचना दिसते. नियमित करारांवर जास्तीत जास्त पंधरा खेळाडू ठेवता येतात आणि सर्वसाधारणपणे निदान चौदा ठेवावेच लागतात, म्हणजे निर्णयाला खरा वाव आहे तो एका जागेपुरता.

किमान वेतन सर्वांना सारखे नसते. २०२५-२६ मध्ये नवख्या खेळाडूला १२,७२,८७० डॉलर आणि दहा किंवा अधिक हंगाम खेळलेल्याला ३६,३४,१५३ डॉलर मिळत. असे असताना संघ स्वस्त म्हणून नवखेच का घेत नाहीत, असे कोणालाही वाटेल. त्यावर लीगने दोन्ही बाजूंनी उपाय केलेला आहे. अनुभवी खेळाडू एका वर्षाच्या किमान करारावर आला तर संघाच्या खाती फक्त दोन हंगाम खेळलेल्या खेळाडूचे वेतन, म्हणजे २२,९६,२७४ डॉलर, पडते आणि वरचा फरक लीग भरते. उलट ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) न निवडला गेलेला नवखा खेळाडू घेतला तर त्याला प्रत्यक्षात कमी पैसे मिळत असूनही कर आणि एप्रन मोजताना त्याच्या नावावर तीच २२,९६,२७४ ची रक्कम धरली जाते. अनुभवी खेळाडू महाग पडतात म्हणून कोणी त्यांना डावलू नये, हा यामागचा हेतू. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला मात्र ही वाढ लागू होत नाही, आणि महागड्या संघांना दुसऱ्या फेरीतले हक्क अलीकडे एवढे मोलाचे का वाटू लागले, याचे एक कारण येथे सापडते.

आता कर. रेषेच्या वर जाणाऱ्या रकमेवर टप्प्याटप्प्याने वाढत्या दराने कर लागतो. २०२५-२६ मध्ये प्रत्येक टप्पा सुमारे ५६.८५ लाख डॉलरांचा होता. पहिल्या टप्प्यात डॉलरमागे एक डॉलर, दुसऱ्यात सव्वा, तिसऱ्यात एकदम साडेतीन आणि चौथ्यात पावणेपाच डॉलर. आधीच्या चारपैकी तीन हंगामांत ज्याने कर भरला आहे त्या संघासाठी हेच दर अनुक्रमे तीन, सव्वातीन, साडेपाच आणि पावणेसात डॉलर होतात. समजा एखादा संघ रेषेच्या १ कोटी २० लाख डॉलर वर आहे आणि तो या दुसऱ्या गटात मोडत नाही. त्याने पंधरावा खेळाडू हंगामाच्या पहिल्या दिवशी घेतला तर २२.९६ लाखांच्या पगारावर साडेतीन पट कर धरून एकूण खर्च १ कोटी ३ लाख डॉलरांच्या वर जातो. बाकावर बसून टाळ्या वाजवणाऱ्याचे हे मोल आहे. शिवाय कर भरणाऱ्या संघांकडून जमणाऱ्या रकमेचा अर्धा भाग कर न भरणाऱ्या संघांत सारखा वाटला जातो, त्यामुळे जो संघ रेषेच्या अगदी काठावर आहे त्याला एका किमान करारापायी कर तर लागतोच, वर येणारे पैसेही बुडतात.

तरीही काही मालक ही किंमत मोजतात. २०२१-२२ च्या हंगामात कराची रेषा १३.६६ कोटींवर होती आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स तिच्या जवळजवळ ४ कोटी डॉलर वर होते. वारंवार कर भरणाऱ्यांत ते मोडत असल्यामुळे त्या उंचीवर त्यांच्यासाठी दर डॉलरमागे सव्वासहा डॉलर होता. त्या वर्षीचा त्यांचा एकूण कर १७ कोटींपर्यंत गेला. हंगाम तोंडावर असताना त्यांनी गॅरी पेटन द सेकंड याला, म्हणजे नव्वदच्या दशकातले नामांकित बचावपटू गॅरी पेटन यांच्या मुलाला, सोडून दिले. त्याने तोवर संघातच व्हिडिओ कोऑर्डिनेटरचे काम मिळेल का, याची विचारणाही केली होती. चार दिवसांनी, १९ ऑक्टोबर २०२१ रोजी, तोच पंधरावा खेळाडू म्हणून परत आला. त्याच्या करारापोटी संघाच्या खाती साधारण १६ लाख ७० हजार डॉलर धरले गेले, आणि माझ्या हिशेबाने करासह तो वॉरियर्सना १ कोटी २० लाखांच्या घरात पडला. त्याच पेटनने त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांच्या उत्तम गार्डना रोखण्याचे काम केले, प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत) कोपराचे हाड मोडूनही अंतिम मालिकेत पुनरागमन केले आणि संघ विजेता ठरला. पुढच्याच उन्हाळ्यात पोर्टलंडने त्याला मोठा करार दिला तेव्हा मात्र वॉरियर्सनी त्याला जाऊ दिले, कारण किमान वेतनावर सोसवणारा तोच दर लाखांऐवजी कोटींच्या पगाराला लावला तर गणित बसत नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ट्रेडमधून (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीतून) परत आला, ही गोष्ट निराळी.

पैसे मोजायची तयारी असूनही जागा रिकामी राहते, अशीही परिस्थिती असते, आणि लीग व खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारानंतर ती वारंवार दिसते. मिड-लेव्हल सवलतीची पूर्ण रक्कम वापरली की संघाला त्या हंगामापुरती पहिल्या एप्रनची रेषा एका डॉलरनेही ओलांडता येत नाही; करदात्या संघांसाठीची छोटी मिड-लेव्हल वापरली किंवा ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडले, तर दुसऱ्या एप्रनची रेषा अशीच पक्की होते. वॉरियर्सनीच २०२५ मध्ये अनुभवी अल हॉरफर्डला छोट्या मिड-लेव्हलवर घेतले आणि दुसऱ्या एप्रनखाली स्वतःला बांधून घेतले. संघाचा आघाडीचा खेळाडू स्टेफन करी याचा धाकटा भाऊ सेथ करी त्यांच्या सराव शिबिरात होता. त्याला हंगामापूर्वी सोडले आणि डिसेंबरमध्ये परत घेतले. तोपर्यंत खेळाडूमध्ये काही फरक पडला नव्हता, फक्त उरलेल्या दिवसांचा पगार रेषेखाली मावण्याइतका कमी झाला होता.

माझ्या मते सगळा विषय या दिवसांच्या हिशेबात आहे. नियमित हंगामाचे पगारी दिवस १७४ धरले जातात, त्यामुळे किमान करार दररोज सुमारे १३,१९७ डॉलरने स्वस्त होत जातो, आणि कर हंगामाच्या शेवटच्या दिवशीच्या एकूण रकमेवर मोजला जातो. वरच्या उदाहरणातल्या संघाने तोच खेळाडू शेवटचे तीस दिवस उरलेले असताना घेतला तर १ कोटी ३ लाखांऐवजी १८ लाखांच्या आत काम भागते. जागा ऑक्टोबरपासून रिकामी ठेवून मार्चमध्ये भरणे याला म्हणूनच मी कंजूषपणा म्हणणार नाही. काही संघ यापुढेही जातात. नियमानुसार चौदापेक्षा कमी खेळाडू ठेवण्याची मुभा एका वेळी दोन आठवडे आणि हंगामभरात एकूण अठ्ठावीस दिवस असते; ती पुरेपूर वापरायची, मुदत भरत आली की कोणाला तरी दहा दिवसांसाठी आणायचे, आणि पुन्हा तेरावर उतरायचे, असा क्रम वसंत ऋतूत नेहमी दिसतो.

हे दहा दिवसांचे करार ५ जानेवारीपासून देता येतात. करार दहा दिवस किंवा तीन सामने, यांपैकी जे जास्त असेल तेवढा चालतो, आणि एकाच खेळाडूला एका संघाने असे दोन करार दिल्यावर तिसऱ्या वेळी त्याला हंगामभरासाठी घ्यावे लागते किंवा सोडावे लागते. कॅनडात वाढलेला पंजाबी वंशाचा सिम भुल्लर एप्रिल २०१५ मध्ये अशाच करारावर सॅक्रामेंटो किंग्जकडून उतरला आणि एनबीए खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. त्या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे जे दोन सराव सामने झाले ते अनेकांना आठवत असतील.

जानेवारीतली दुसरी महत्त्वाची तारीख १० ही आहे. त्या दिवशी सर्व नियमित करारांची उरलेली रक्कम हमीची होते, म्हणजे खेळाडूला काढले तरी द्यावी लागते, आणि सोडलेला खेळाडू दोन दिवस वेव्हर्सवर राहतो (तेवढ्यात दुसरा संघ त्याला त्याच करारासह उचलू शकतो) म्हणून ज्याला काढायचे त्याला ७ तारखेपर्यंत काढावे लागते. २०११-१२ चा हंगाम लॉकआउटमुळे, म्हणजे खेळाडूंशी करार न झाल्याने मालकांनी लीग बंद ठेवल्यामुळे, उशिरा सुरू झाला, तेव्हा ही तारीख १० फेब्रुवारी होती. जेरेमी लिनला त्या डिसेंबरात आधी गोल्डन स्टेटने डीअँड्रे जॉर्डनला देऊ केलेल्या कराराला जागा करण्यासाठी सोडले, मग ह्यूस्टनने सॅम्युएल डॅलेंबर्टसाठी सोडले, आणि न्यूयॉर्क निक्सनी वेव्हर्सवरून उचलले. हमीची तारीख सहा दिवसांवर असताना, ४ फेब्रुवारीला, त्याने नेट्सविरुद्ध २५ गुण केले आणि पुढचे आठवडे त्याच्याच नावाचे झाले. उन्हाळ्यात ह्यूस्टनने त्याला तीन वर्षांचा २.५१ कोटींचा प्रस्ताव दिला, त्यात तिसऱ्या वर्षाचे जवळजवळ दीड कोटी मुद्दाम ठेवलेले होते. तेवढाच करार देऊन त्याला राखण्याची निक्सना मुभा होती, पण त्या वर्षीच्या कराचा अंदाज घेऊन त्यांनी बरोबरी केली नाही. दोन संघांनी पगाराच्या जागेसाठी सोडलेला आणि तिसऱ्याने कराच्या भीतीने गमावलेला असा हा खेळाडू आहे.

पंधरा जणांच्या बाहेर प्रत्येक संघाला तीन टू-वे जागा मिळतात. हे खेळाडू जी लीग (एनबीएची दुय्यम लीग) आणि मुख्य संघ यांत येजा करतात, त्यांना नवख्याच्या किमान वेतनाच्या निम्मे, म्हणजे २०२५-२६ च्या दराने ६,३६,४३५ डॉलर मिळतात, आणि ही रक्कम ना कॅपमध्ये मोजली जाते ना करात. महाग संघांना त्यामुळे पंधरावी जागा रिकामी ठेवणे परवडते. लुगेन्ट्झ डॉर्ट २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीत टू-वे करारावर आला आणि २०२५ च्या विजेत्या संघात सुरुवातीच्या पाचांत खेळत होता. मायामीने डंकन रॉबिन्सन असाच घडवला. मात्र येथेही लीगने अटकाव ठेवला आहे. एक टू-वे खेळाडू जास्तीत जास्त पन्नास सामन्यांसाठी मुख्य संघात राहू शकतो, आणि नियमित खेळाडू पंधरापेक्षा कमी असताना तिन्ही टू-वे खेळाडूंना मिळून नव्वदच सामने वापरता येतात. दुखापतींचा हंगाम असेल तर हे नव्वद सामने भराभर संपतात आणि रिकामी जागा नाइलाजाने भरावी लागते.

टू-वे खेळाडूला प्लेऑफ खेळता येत नाही. त्याला खेळवायचे असेल तर नियमित हंगाम संपण्यापूर्वी त्याचा करार बदलावा लागतो, आणि बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर त्याला आधीच्या संघाने १ मार्चपर्यंत सोडलेले असावे लागते. म्हणून वर्षभर चौदावर राहिलेले संघ एप्रिलमध्ये नियमित हंगामाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत अचानक पंधरावी सही करताना दिसतात. तेव्हा त्या खेळाडूचा किमान पगार काही हजार डॉलरांवर आलेला असतो, कर धरूनही ती रक्कम लाखाच्या आसपासच राहते, आणि बऱ्याचदा त्याच करारात पुढच्या हंगामाचे हमी नसलेले एक वर्ष जोडलेले असते, ज्यावर निर्णय घ्यायला संघाला पुढचा उन्हाळा मोकळा मिळतो.