डोंबिवली सोडून बंगळुरू: वीस लाखांची ऑफर घ्यावी का?

प्रश्न: डोंबिवली पूर्वेला स्वतःचा टू बीएचके, हप्ता 31,000. नोकरी विक्रोळीत, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 16 लाख, साडेचार वर्षं झाली. पत्नी मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका, हातात 32,000. बंगळुरूच्या व्हाइटफील्डहून 20 लाखांची ऑफर आहे, त्यात 2 लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळेलच याची खात्री नसलेले. तिथे घरभाडं 35,000 पडेल, आमच्या फ्लॅटचं 18,000 येईल. बंगळुरू मुंबईपेक्षा स्वस्त म्हणतात. जावं का?

उत्तर: मुंबईपेक्षा स्वस्त असेलही, पण तुम्ही मुंबईचं भाडं भरतच नाही. तुमची तुलना डोंबिवलीतल्या स्वतःच्या घराची व्हाइटफील्डच्या भाड्याच्या घराशी आहे.

आधी पगार. बेसिक (मूळ पगार) सीटीसीच्या निम्मा, तुमचा आणि कंपनीचा 12-12 टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) सीटीसीतच, कर नव्या करप्रणालीने, असं धरलं तर आज तुमच्या हातात महिन्याला साधारण 1,06,000 येतात. नव्या ठिकाणी फिक्स्ड 18 लाखांवर 1,18,000. म्हणजे ऑफरवर चार लाखांची वाढ आणि महिन्याला हातात 12,000. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर कर जाऊन वर्षाअखेर 1,60,000 उरतील, पण त्यावर घरभाडं ठरवू नका. पीएफमध्ये वर्षाला 24,000 जास्त पडतील, ते मात्र तुमचेच.

आता घर. तिथे भाडं 35,000 आणि डोंबिवलीच्या फ्लॅटचं 18,000 येईल असं तुम्ही लिहिलंय. 12 अधिक 18 वजा 35, म्हणजे महिन्याला 5,000 खड्ड्यात. पत्नीचे 32,000 थांबले की खड्डा 37,000 चा. मराठी माध्यमाची नोकरी तिथे कुठून मिळणार? मुलं शाळेत असतील तर एक लक्षात ठेवा, तिथे सीबीएसई शाळेतही कन्नड घ्यावं लागतं.

डिपॉझिट पाच-सहा महिन्यांचं धरा, दोन लाख अडकले. घर सोडताना रंगकामाचे म्हणून महिन्याचं भाडं कापायची तिथे सर्रास पद्धत आहे. करारातच ती रक्कम ठरवून घ्या. डोंबिवलीच्या फ्लॅटचा लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करणं ही मालक म्हणून तुमची जबाबदारी, आणि सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) लावेल. तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, मागितला तर वाद घाला. भाड्यावर बहुधा कर लागणार नाही: 2,16,000 मधून 30 टक्के वजा जाऊन 1,51,200 उरतात, आणि हप्त्यातलं व्याज तेवढं असेल तर शून्य. व्याज जास्त असलं तरी तो तोटा नव्या प्रणालीत पगारातून वजा होत नाही.

प्रवासाचं थोडक्यात: लोकलच्या सेकंड क्लासच्या मासिक पासाशी तिथे कशाचीच बरोबरी नाही. बंगळुरू मेट्रोचं कमाल तिकीट फेब्रुवारी 2025 मध्ये 60 वरून 90 झालं. ऑफिसपासून चालत जाता येईल असंच घर बघा. गाडी नेणार असाल तर आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आधी काढा. वर्षापेक्षा जास्त राहिलात की नोंदणी बदलून कर्नाटकचा रोड टॅक्स भरावा लागेल. महाराष्ट्रातला उरलेल्या वर्षांचा कर परत मिळतो, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात.

तुमच्या पत्रात ग्रॅच्युइटीचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वात जास्त खटकलं ते हेच. पाच वर्षं पूर्ण केलीत तर आजच्या बेसिकवर सुमारे 1,92,000 मिळतात, तेही करमुक्त. आज निघालात तर त्यावर पाणी. नोटीस पीरियडही नोकरीतच धरला जातो. तीन महिन्यांची नोटीस असेल तर राजीनामा आणखी तीन महिन्यांनी द्या.

वीस लाखांवर जाऊ नका. फिक्स्डच्या वाढीव प्रत्येक लाखामागे हातात महिन्याला जेमतेम साडेपाच हजार येतात. त्यामुळे पत्नीला तिथे काम मिळालं नाही तर फिक्स्ड 25 लाखांच्या आसपास असल्याशिवाय आजची बचत टिकत नाही. तिला तेवढ्याच पगाराचं काम मिळणार असेल तर फिक्स्ड 19 वरही जमतं. एचआरला व्हेरिएबल फिक्स्डमध्ये घालायला सांगा. लगेच या म्हणाले तर बुडणाऱ्या ग्रॅच्युइटीइतका जॉइनिंग बोनस मागा. तो करपात्र असतो, म्हणून आकडा अडीच लाखांपासून सुरू करा, आणि वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट आहे का, ते ऑफर लेटरमध्ये वाचूनच सही करा.