नव्याच्या सणाचा हलवा आणि सासरचा कुसकुस

प्रश्न : आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी असून माझे आजी-आजोबा अलिबागकडून इस्रायलला आले, तर यजमानांचे घराणे मोरोक्कोतून आलेले आहे. रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाच्या सणाला, सासूबाई मांस आणि सात भाज्यांचा कुसकुस (रव्याच्या वाफवलेल्या कण्यांचा पदार्थ) करतात. त्या पंगतीत माहेरचा, गव्हाचा चीक आणि नारळाच्या दुधाचा हलवा असावा, असे मला फार वाटते. परंतु मुलांना नारळाच्या दुधाची चव आवडत नाही. साधे दूध घालून, कॉर्नफ्लावरचा हलवा केला तर चालेल का?
— एक भगिनी, अश्दोद

उत्तर : ताई, साधे दूध मात्र घालू नका. जेवणात मांस असताना कश्रुतच्या, म्हणजे यहुदी आहारधर्माच्या नियमाने दुधाचा पदार्थ त्या पंगतीत येऊ शकत नाही, आणि ज्या हलव्यासाठी तुमचा जीव तुटतो तोच नेमका बाजूला राहील. नारळाच्या दुधामुळेच आपल्याकडे मांसाच्या जेवणावरही हा हलवा निर्धास्तपणे खाता येतो, हे मुलांना अवश्य सांगा.

कॉर्नफ्लावरचे म्हणाल, तर आज अनेक घरांत तो वापरतात आणि वडीही चांगली पडते. तरी गव्हाच्या चिकाचा लवचिकपणा त्याला येत नाही, म्हणून वर्षाच्या या एका सणाला चीकच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवा. तुमच्याकडच्या सप्टेंबरच्या उकाड्यात पाणी दिवसातून दोनदा बदला. मग ते वाटून फडक्यातून गाळा आणि रात्रभर ठेवून वरचे पाणी अलगद ओतून टाका. तळाशी जो पांढरा, घट्ट थर बसतो तो चीक. थोड्या चिकाचाही ताटभर हलवा होतो.

दोन घरांच्या चवी एका भांड्यात कालवण्याचा खटाटोप नको. कुसकुस सासूबाईंच्या हातचाच राहू द्या. मात्र आदल्या दिवशी हलवा ढवळताना त्यांना चुलीपाशी बोलवा. मिश्रण दाटू लागले की एकटीचा हात भरून येतो. तेव्हा डाव त्यांच्या हाती द्या आणि हलवा कडा सोडून गोळा होऊ लागलेला त्यांनाच पाहू द्या. मोरोक्कन घरांतही नवे वर्ष गोड जावे म्हणून त्या दिवशी बहुधा आंबट टाळतात, तेव्हा हा पदार्थ त्यांना परका वाटणार नाही. वड्या सफरचंद-मधाच्या ताटलीशेजारी मांडा आणि आपले आजी-आजोबा या दिवसाला ‘नव्याचा सण’ म्हणत, हे मुलांना तिथेच सांगा.