उणे उत्तर आलं की खोडरबर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पहिल्या इन-सेमचे (सत्राच्या मधल्या परीक्षेचे) मार्क लागले की माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न येतो. कधी मुलं स्वतः विचारतात, कधी आईचा फोन येतो. बारावीला फिजिक्स चांगलं होतं, सीईटीचं पर्सेंटाइलही उत्तम होतं, मग बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये साधं सर्किट का सुटत नाही? ब्रँच चुकली का?

असाच एक मुलगा आला होता (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). इलेक्ट्रिकललाच प्रवेश, ३० पैकी ४. बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरला बदलून मिळेल का?" तिकडे गेला तरी पहिल्या वर्षी हा पेपर बहुधा चुकत नाही, पण तो वाद मी घातला नाही. मी मूळची इलेक्ट्रिकलची, समुपदेशनाकडे नंतर वळले. म्हटलं, वही दाखव.

वहीतली पानं खोडून खोडून पातळ झाली होती. बाण काढलेला, पुसलेला, पुन्हा उलटा काढलेला. त्यातलंच एक गणित त्याला समोर सोडवायला लावलं. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, उजवीकडे ६ व्होल्टची, दोघींच्या वाटेत २-२ ओहम, मध्ये ४ ओहम. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं वर. उजव्या फांदीवर पेन्सिल अडली.

"करंट कुठल्या दिशेला दाखवू?"

"तुला वाटेल तिकडे."

"आणि चुकलं तर?"

सगळी गाठ इथेच होती. मी म्हटलं, दोन्ही बाण वरच्या नोडकडे (तिन्ही फांद्या मिळतात त्या बिंदूकडे) काढ आणि केसीएल लाव, म्हणजे किरचॉफचा नियम: नोडमध्ये जितका करंट येतो तितकाच बाहेर जातो. समीकरण त्याने बिनचूक मांडलं. नोडचं व्होल्टेज ७.२ आलं, १२ व्होल्टच्या बाजूचा करंट २.४ अँपिअर, ६ व्होल्टच्या बाजूचा उणे ०.६. उणे दिसताच हात खोडरबराकडे गेला. मी वहीवर हात ठेवला.

"नोडला ७.२ व्होल्ट आहेत, बॅटरी ६ची. मग करंट तिच्यातून बाहेर येईल कसा?"

बराच वेळ तो आकृतीकडे बघत राहिला. "आत जातोय... म्हणजे ती चार्ज होतेय?"

मग पॉवरचा हिशोब करायला लावला. मोठी बॅटरी देते २८.८ वॅट. तिन्ही रेझिस्टन्समध्ये जातात २५.२, छोटी बॅटरी घेते ३.६. बेरीज जुळली. त्याने मोबाइलवर ती पुन्हा करून पाहिली.

दोन वर्षं टेस्ट सिरीज दिलेल्या मुलांचं हे दुखणं मी ओळखते. चार पर्यायांत उत्तर दिसलं नाही की चुकलं, ही सवय हाडात मुरलेली असते. सर्किटमध्ये दिशा आधी नुसती गृहीत धरायची असते, खरी कुठली ते चिन्ह सांगतं. पण पहिल्याच पायरीला खात्री हवी असणारा मुलगा बाणापाशीच अडतो, आणि त्याला वाटतं आपल्याला डोकंच नाही. (किरचॉफने सर्किटचे नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, पण हे मी मुलांना सांगत नाही. आधीच दडपण कमी असतं का?)

त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. गणित पेनाने सोडवायचं, आणि रोज एकच, पण नोडने आणि मेशने (सर्किटमधल्या बंद वळशांची समीकरणं मांडून) अशा दोन्ही रीतींनी.

प्रत्येकाचं असंच असतं असं नाही. काहींची अडचण एकसामयिक समीकरणांची असते, ती सरावाने सुटते. काहींना खरंच हा विषय नको असतो. बॅटरी चार्ज होतेय हे कळूनही चेहऱ्यावर काही हललं नाही, की मी ब्रँचबद्दल बोलायला लागते. आणि झोप, जेवण सुटलं असेल तर वही बाजूला ठेवून आधी त्याकडे बघावं लागतं.

एंड-सेमला हा मुलगा पास झाला, मार्क बेताचेच. मधे थेवेनिनला (मोठ्या सर्किटचं सोपं रूप काढायच्या रीतीला) पुन्हा अडला होता, लोड, म्हणजे ज्याला करंट पुरवायचा तो भाग, काढून टाकायचा म्हणजे काय हेच त्याला पटेना. तेव्हा त्याला त्याच्या सरांकडे पाठवलं. ते शिकवणं त्यांचं काम.