मंदक्रोध देवाचा संताप

प्रश्न : उपासनेत आम्ही ‘देव प्रीती आहे’ असे ऐकतो, आणि घरी जुना करार उघडला की पानोपानी त्याचा क्रोध भेटतो. प्रेमळ देवाला राग शोभतो का? की जुन्या कराराचा देव निराळा मानायचा?

उत्तर : दोन करारांत दोन देव अशी वाटणी करता येत नाही, कारण वाळल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, बरे करतो की काय, हे टपून पाहणाऱ्यांकडे येशूनेही रागाने पाहिले, असे मार्क आपल्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहितो (3:5).

राग कोणावर आणि कशासाठी, हे जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याइतके रोखठोक कोणीच सांगत नाही. तकोव्याचा हा मेंढपाळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, यहूदातून उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. तेथील व्यापारी शब्बाथ कधी सरतो याची वाट पाहत, मग धान्याचे माप लहान, चांदी तोलण्याचे वजन मोठे आणि तराजू खोटा ठेवून गव्हाचे भूसही गरिबाच्या पदरात घालत (8:5-6). गरिबाचे गहाण पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते, असे जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकात सांगितले आहे (22:26-27). हे लोक मात्र तसलीच गहाणाची वस्त्रे पसरून वेदीजवळ लोळत (2:8). त्यांच्या सणांचा आपल्याला तिटकारा आहे, गाण्यांचा गोंगाट नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे देव आमोसाच्या तोंडून बजावतो (5:21-24). हे सारे पाहूनही ज्याला राग येत नाही, त्याचे त्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसावर प्रेम आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शीघ्रकोपी माणसाचा राग आपल्याकडे नाकाच्या शेंड्यावर असतो. गंमत अशी की इब्रीतही ‘अफ’ हा एकच शब्द नाक आणि राग या दोहोंसाठी येतो, आणि निर्गम 34:6 मध्ये देवाला शब्दशः ‘लांब नाकाचा’, म्हणजे लवकर न रागावणारा, म्हटले आहे. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंदक्रोध’ हा नेटका शब्द योजला.

सगळेच प्रसंग इतके सरळ नाहीत. गाडीचे बैल ठेचकाळले म्हणून तिच्यावरचा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, सावरायला गेलेला उज्जा देवाच्या कोपाने जागीच मेला (2 शमुवेल 6), याचा खुद्द दावीद राजालाही संताप आला, आणि मलाही ते अजून सलते.

योना संदेष्ट्याची तक्रार तर नेमकी उलटी होती : देव रागावत नाही, ही. देवाने त्याला निनवेला इशारा द्यायला पाठवले, तेव्हा तो आधी पळून गेला होता. निनवे ही अश्शूरांची नगरी, आणि याच अश्शूरांच्या हातून पुढे ख्रिस्तपूर्व 722 च्या सुमारास आमोसाने बजावलेले ते राज्य बुडाले. निनवेने पश्चात्ताप केला आणि देवाने तिला सोडले, तेव्हा योना चिडून म्हणाला की तू मंदक्रोध आहेस हे ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे जिथे आहेत, त्या नगरीची मला कीव येऊ नये काय, असे देवाने त्याला विचारले. योनाने काय उत्तर दिले, ते पुस्तकात नाही.