तेरवी झाली, रजाही संपली. आता सुट्टी कशी मागू?

नागपुरात लक्ष्मीनगरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो पहिल्यांदा आला तेव्हा हातात ऑफिसची बॅग होती आणि बॅगेत न उघडलेला डबा. वय एकतीस, वर्धा रोडकडच्या एका कंपनीत हिशेबाचं काम. ओळख पटेल अशा खुणा मी गाळल्या आहेत, त्याच्या परवानगीने लिहिते आहे.

बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, मी ढोंग नाही करून राहिलो. पण ऑफिसमध्ये सगळ्यांना तसंच वाटून राहिलं."

तीन महिन्यांपूर्वी आई गेली होती. अंबाझरी घाटावर अग्नी दिला, अस्थी रामटेकच्या अंबाळ्यात सोडल्या, दहावं, तेरवी सगळं रीतसर पार पडलं. घरात पन्नास माणसं, वडिलांची शुगर, भटजींची यादी, मामांना स्टेशनवरून आणणं. तो म्हणाला, "तेरवीपर्यंत मी एकदम ठीक होतो. रडलोही नाही." कंपनीने तीन दिवसांची रजा दिली होती, बाकीचे दिवस सीएलमधून, म्हणजे नैमित्तिक रजेतून, कापले गेले. चौदाव्या दिवशी तो कामावर हजर. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, सहकाऱ्यांनी चहा पाजला. सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं.

खरं दुःख बहुतेकांच्या घरात पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्यावर शिरतं. आपल्याकडे पहिले तेरा दिवस माणसाला बसू देत नाहीत, आणि त्यात मला शहाणपणच दिसतं. पण रजेचा हिशेब मात्र त्या तेरा दिवसांतच संपतो. मन लागेनासं होतं तेव्हा खात्यात काही शिल्लक नसतं. निदान माणसाला तसं वाटतं.

त्याची आई रोज दुपारी दीडला फोन करायची. "जेवला का?" एवढंच. तो "हो" म्हणायचा, वीस सेकंदात फोन बंद. आता दीड वाजला की तो डबा घेऊन कँटीनमध्ये जातो, मोबाइल टेबलावर उताणा ठेवतो, आणि दोन वाजता डबा तसाच परत बॅगेत. मला हे सांगताना त्याने माझ्या टेबलावरही फोन तसाच ठेवला, स्क्रीन वर करून. त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग सुट्ट्या सुरू झाल्या. एकेक दिवसाच्या. सकाळी उठवेना की साहेबांना मेसेज: पोट बिघडलं. नंतर ताप. नंतर पाठ. दोन महिन्यांत असे पाच दिवस. एचआरने बोलावून सांगितलं की तुमचा 'स्कोअर' १२५ झालाय, आता आढावा बैठक होईल.

हा स्कोअर काय ते सांगते, कारण अनेक कंपन्या तो वापरतात आणि कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी आहे. गैरहजेरीच्या किती खेपा झाल्या तो आकडा स्वतःशीच गुणायचा आणि मग एकूण दिवसांनी गुणायचा. सलग पाच दिवस आजारी पडलात तर एक गुणिले एक गुणिले पाच, म्हणजे फक्त ५. तेच पाच दिवस पाच वेगवेगळ्या खेपांत घेतलेत तर पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे १२५. अचानक मारलेल्या दांड्या पकडायला केलेला हा हिशेब. शोकातल्या माणसाची गैरहजेरी नेमकी अशीच तुटक असते. त्यामुळे ज्याने मनाला ओढून-ताणून रोज कामावर नेलं आणि अगदी जमेना तेव्हाच एक दिवस मागितला, तो कागदावर कामचुकार दिसतो. मला हे अन्यायाचं वाटतं आणि एचआरच्या लोकांसमोर बोलायची वेळ येते तेव्हा मी तसं सांगतेही.

त्याचा प्रश्न सरळ होता. "एखाद्या डॉक्टरकडून पंधरा दिवसांची मेडिकल घेऊन टाकू का? टायफॉइड वगैरे?"

हा प्रश्न मला खूप जण विचारतात. मी नाही म्हणाले, आणि केवळ पकडला जाशील म्हणून नाही. त्याला विचारलं, त्या पाच दिवशी साहेबांना काय काय कारणं दिलीस? तीन आठवली, दोन आठवली नाहीत. खोटं कारण दिल्यापासून तो साहेबांची नजर टाळत होता, चहाला जात नव्हता. म्हणजे आई गेल्याचं जिथे मोकळेपणाने बोलता आलं असतं ती एक जागाही त्याने स्वतःच बंद करून घेतली होती. टायफॉइड दाखवला असता तर परत आल्यावर टायफॉइडबद्दलच बोलावं लागलं असतं.

आम्ही कॅलेंडर काढलं. पाच सुट्ट्यांवर गोल केले. चार सोमवार, एक मंगळवार. रविवारी काय करतोस? तो महालातल्या जुन्या घरी जायचा. वडील आईचं लोखंडी कपाट उघडून बसायचे, एकेक लुगडं काढून घडी मोडायचे, पुन्हा घालायचे. ना देऊन टाकायचं ठरायचं, ना ठेवायचं. संध्याकाळी परतताना मेट्रोत डोकं जड, रात्री झोप नाही, सोमवारी पाय उचलत नाही. मंगळवारचा उलगडा झाला तेव्हा तो स्वतःच गप्प झाला. आदल्या दिवशी सोमवार होता, पण कामावर गेला होता; आईला जाऊन त्या मंगळवारी दोन महिने झाले होते.

इथे मला फार काही करावं लागलं नाही. शनिवार त्याला मोकळा असतो. महालात शनिवारी जायचं आणि रविवार रिकामा ठेवायचा, एवढं ठरलं. वडिलांना एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून रविवारी बहीण जाते.

मग रजेचं. खाजगी नोकरीत घरचं माणूस गेल्यावरची वेगळी रजा कायद्याने सक्तीची नाही. तीन-पाच दिवस कंपनी देते ती तिच्या धोरणाप्रमाणे. पण माणसं विसरतात ती दुसरी शिल्लक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, ती वर्षाअखेर वाया जाते. त्याशिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं तर दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा (ईएल) मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. त्याच्या खात्यात अकरा दिवस पडून होते. का नाही वापरलेस? "ईएल आधी मागावी लागते मॅडम. आणि कारण सांगावं लागते."

कारण सांगायचं, हेच तर अडलं होतं. आम्ही मिळून पत्र लिहिलं. त्याने पाच वेळा खोडलं. शेवटी उरलं ते असं: "माझी आई तीन महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून घेतलेल्या एकेका दिवसाच्या सुट्ट्या मी आजारपणाच्या नावाखाली टाकल्या, पण खरं कारण ते होतं. ते आधी सांगायला हवं होतं. मला सहा दिवसांची अर्जित रजा सलग हवी आहे. त्यानंतर महिनाभर दुपारी दीड ते दोन मला कॉल लावू नयेत, ही विनंती."

पाच दिवस मंजूर झाले, सहावा नाही. दुपारचा अर्धा तास मिळाला. १२५ चा आकडा एचआरने पुसला नाही, पण शेजारी शेरा लिहिला आणि बैठक पुढे ढकलली. सगळ्याच साहेबांना एवढंही सुचत नाही. एका बाईंना त्यांच्या वरिष्ठांनी "इथे सगळ्यांच्याच घरी माणसं जातात" असं ऐकवलं होतं. त्या माझ्यासमोर अर्धा तास रडल्या, नवऱ्यासाठी नव्हे, त्या वाक्यासाठी. म्हणून पत्र लेखीच द्यावं, आणि एचआरलाही प्रत जावी, असं मी आता आग्रहाने सांगते.

मेडिकल कधीच घ्यायची नाही, असा याचा अर्थ नाही. झोप आठवडेच्या आठवडे तुटते, वजन उतरतं, "आपणही तिकडेच जावं" असे विचार येतात, तेव्हा तो आजार आहे आणि त्यावर मिळालेला दाखला शंभर टक्के खरा आहे. मेडिकल कॉलेजच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात जा, किंवा रात्री-बेरात्री १४४१६ या टेलिमानसच्या फोनवर बोला. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत दीर्घकाळ न ओसरणारा शोक हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे, पण त्यासाठी किमान सहा महिने जावे लागतात. तीन महिन्यांनी रडू येणाऱ्या मुलाला मी आजारी म्हणणार नाही.

पगार २१ हजारांपर्यंत असलेल्यांनी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड कपाटात ठेवून देऊ नये. बुटीबोरीतल्या एका कामगाराची बायको गेली आणि त्याला खरंच नैराश्य आलं. तो बिनपगारी बसून उधारी करत होता. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली आणि वर्गणीचे ७८ दिवस भरलेले असले, तर आजारपणाच्या काळात सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात त्याला मीच धाडलं. हे त्याला त्याच्या ठेकेदाराने सांगायला हवं होतं.

पहिला मुलगा अजून महिन्यातून एकदा येतो. डबा अर्धा संपतो, अर्धा उरतो. कपाटातली दोन लुगडी बहिणीने नेली, बाकीची तशीच आहेत आणि त्याची कुणालाच घाई नाही. परवा त्याने मोबाइलवर रजेचा अर्ज दाखवला. वर्षश्राद्धाचे दोन दिवस आतापासूनच टाकून ठेवलेत, आणि त्याला जोडून तिसरा. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: आईचं वर्षश्राद्ध, आणि त्यानंतरचा एक दिवस.