गरम झाल्यावर बंद पडणारी ॲम्बेसेडर: वायरिंग काढण्याआधी व्होल्ट कुठे गळतात ते मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही कळेल. आजोबांची ॲम्बेसेडर मार्क २, गाव दारव्ह्याजवळ. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, दहा-बारा किलोमीटर गेली की झटके देत बंद पडते, अर्धा तास लिंबाखाली उभी केली की पुन्हा चालते. मिस्त्रींनी प्लग आणि पॉइंट (उघड-बंद होऊन कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क) बदलले, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्ट वाढवणारा डबा) दोनदा बदलली, आणि आता ते म्हणतात की सगळं वायरिंग काढून नवीन टाकू.

कृपा करून अजून वायरिंगला हात लावू देऊ नका. मार्क २ म्हणजे १९६२ ते १९७५ मधली गाडी. तिच्या वायरी ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या ठरलेल्या रंगांत असतात आणि त्या रंगांवरून आजही पूर्ण मार्ग वाचता येतो. एकदा सगळं काढून मिळेल त्या रंगाची वायर ओढली की पुढच्या प्रत्येक बिघाडात तुम्ही आंधळे. आणि दोष जर स्विचच्या एका नटात असेल, तर नवीन वायरिंगमध्येही तो तसाच राहील.

सगळ्यात आधी स्पार्क जातो की पेट्रोल, हे पक्कं करा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी अगदी अशीच वागते. बंद पडल्याबरोबर, थंड व्हायच्या आत, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग, आपले मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्याच्या) टोपणातली मधली जाड वायर काढा. रबरी मुठीच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. कार्ब्युरेटरपासून लांब धरा, पेट्रोलची वाफ असते तिथे. निळसर, टणक, टक-टक आवाजाचा स्पार्क आला तर कॉइल आणि वायरिंग सोडा, पेट्रोलकडे बघा. पंपावर ओलं फडकं टाकून पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर उत्तर मिळालंच. स्पार्क पिवळा, बारीक, रेंगाळणारा असेल किंवा नसेलच, तर पुढे वाचा.

दुसरी गोष्ट कॉइलची. दोन नव्या कॉइल लावूनही तोच त्रास, यावरून मला दुकानदाराने चुकीची कॉइल दिल्याची दाट शंका येते. या गाडीला साधी १२ व्होल्टची कॉइल लागते, तिच्या दोन बारीक टोकांमधला रोध साधारण ३ ओहम असतो. बाजारात दिसायला हुबेहूब अशी दुसरी कॉइल मिळते, सुमारे १.५ ओहमची, जी वेगळ्या रेझिस्टरसोबत लावायची असते. ती सरळ लावली तर ४ च्या जागी ८ अँपिअर करंट जातो, कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापते, पॉइंट जळतात, आणि तुमचा मिस्त्री पुन्हा कॉइल बदलतो. मोजायला दोन मिनिटं लागतात. दोन्ही बारीक वायरी सोडवा, मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी मीटरचीच दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून घ्या आणि तो वजा करा. गरम कॉइल थोडी जास्त दाखवते, तो तांब्याचा गुणधर्म आहे. थंड असताना ३ दाखवणारी कॉइल तापल्यावर साडेतीन-पावणेचार दाखवू शकते, तिला खराब ठरवू नका.

आता मुख्य मुद्दा. जवळपास सगळे मिस्त्री इथे फसतात. चावी ऑन करून कॉइलवर मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणून वायर ठीक असं म्हणतात. पण त्या क्षणी पॉइंट उघडे असतील तर वायरीतून करंट वाहतच नसतो. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ च दाखवेल. करंट वाहू लागल्याशिवाय वायरची खरी स्थिती कळत नाही. हिशोब बघा: ३ ओहमची कॉइल, १२ व्होल्ट, ४ अँपिअर. वाटेत एखाद्या काळ्या पडलेल्या सांध्याने फक्त १ ओहम खाल्ला तर करंट ३ अँपिअर, कॉइलला मिळाले ९ व्होल्ट, आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा निम्म्यापेक्षा थोडीच जास्त. सकाळी थंड इंजिनला तेवढ्यात भागतं. दुपारी सांधाही तापतो, कॉइलही तापते, आणि गाडी झटके द्यायला लागते. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

म्हणून माप असं घ्या. ज्या कॉइल-टोकाची वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते (जुन्या कॉइलवर तिथे सीबी लिहिलेलं असतं, स्विचकडच्या टोकावर एसडब्ल्यू) ते टोक एका वायरने इंजिनच्या लोखंडाला जोडा. पॉइंट बंद असल्यासारखा करंट वाहू लागेल. चावी ऑन. मीटरचं एक टोक बॅटरीच्या त्या खांबावर, जो बॉडीला जोडलेला नाही. दुसरं टोक कॉइलच्या एसडब्ल्यूवर. हा आकडा म्हणजे वाटेत गळलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मार्ग चांगला. एक, दोन, तीन व्होल्ट दिसले तर चोर या वाटेतच आहे. एक मिनिटाच्या वर असं ठेवू नका, चावी बंद करा.

मग मीटरचं बॅटरीवरचं टोक तसंच ठेवून दुसरं टोक मागे मागे सरकवत न्या. बॅटरीकडून येणारी तपकिरी वायर रेग्युलेटरवरून (चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीवरून) इग्निशन स्विचला येते, आणि स्विचमधून पांढरी वायर निघून कॉइलला जाते. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, तिथेच पाना लावायचा. गेल्या वर्षी आर्वीकडच्या एका गाडीत स्विचच्या तपकिरी टोकापर्यंत काही नव्हतं, आणि त्याच स्विचच्या पांढऱ्या टोकावर पावणेतीन व्होल्ट गळत होते. डॅशबोर्डखालून स्विच बाहेर काढला तर नटाखालचं वॉशर निळसर-काळं, लगचं (वायरीच्या टोकाला बसवलेल्या कडीचं) पितळ खडबडीत झालेलं, आणि मागचं काळं बॅकेलाइट नटाभोवती भुरभुरत होतं. नट बोटांनी फिरत होता. त्या मालकाने आधी दोन वर्षं कार्ब्युरेटर धुतला होता.

इथे एक सावधगिरी. ल्यूकसच्या पद्धतीत कॉइलकडची पांढरी वायर सहसा फ्यूजमधून जात नाही. तिचं कातडं घासून बॉडीला लागलं तर फ्यूज उडणार नाही, वायरच पेटेल. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकातलं रबर शाबूत आहे का ते आवर्जून बघा. कुटाराच्या कोठ्यात किंवा गोठ्याशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांनी नेमकं तिथेच कुरतडलेलं असतं, बाहेरून दिसत नाही.

दारव्ह्याच्या रस्त्यावर मीटर धरून बसता येणार नाही, त्यासाठी सोपा उपाय सांगतो. ५ वॅटचा एक १२ व्होल्टचा बल्ब लांब वायरीने एसडब्ल्यू टोक आणि बॉडी यांच्यात जोडा आणि बल्ब काचेसमोर येईल असा चिकटवा. गाडी झटके द्यायला लागली की बल्बकडे बघा. बल्ब मंदावला किंवा विझला, तर स्विच, तपकिरी-पांढरी वायर किंवा सांधा. बल्ब ठणठणीत पेटलेला असून गाडी बंद, तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या पुढे.

बल्ब विझला असेल तर घरी पोचण्यासाठी बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या खांबावरून १० अँपिअरच्या फ्यूजसह एक वायर थेट एसडब्ल्यूला द्या. चुकूनही सीबीला देऊ नका, पॉइंट बंद होताच सरळ शॉर्ट होईल. या वायरीवर चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायर काढूनच बंद करावं लागतं. आणि बॅटरीचा कोणता खांब बॉडीला आहे ते डोळ्यांनी बघा. त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असायचा, आणि मधल्या काळात कोणी उलटवलेलं असू शकतं.

डिस्ट्रिब्युटरच्या आत दोनच जागा सांगतो. सीबीकडून पॉइंटला जाणारी लवचिक छोटी वायर, आणि पॉइंटची पाटी बॉडीला जोडणारी तशीच दुसरी. व्हॅक्युमने पाटी हलते तशा या वायरी वर्षानुवर्षं वाकतात आणि कापडी आवरणाच्या आत तुटतात. चावी बंद करून कॉइलचं सीबी टोक सोडवा, पॉइंट बंद स्थितीत ठेवा, सुटलेल्या वायरीपासून इंजिनपर्यंत ओहम मोजा आणि पाटी बोटाने हलवा. आकडा उड्या मारतो का बघा. दुसरं म्हणजे पॉइंटच्या स्प्रिंगजवळच्या इन्सुलेटर वॉशरचा क्रम. वायरीचा आणि कंडेन्सरचा (पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीचा) लग स्प्रिंगला टेकला पाहिजे, मधल्या खिळ्याला अजिबात नाही. नवीन पॉइंट बसवताना हे उलटसुलट होतं. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने, अंदाजाने नाही.

कंडेन्सरही तापल्यावर मरतो. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसत असेल तर चांगला कंडेन्सर सीबी टोक आणि बॉडी यांच्यात बाहेरून बांधून बघा. त्याआधी जुन्याची वायर सोडवा.

इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते बॉडी जाड अर्थिंगची पट्टी हवीच. सेल्फ मारताना बॅटरीचा बॉडीला जोडलेला (अर्थिंगचा) खांब आणि डिस्ट्रिब्युटरचं अंग यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी काढा, दोन्ही जागा काचपेपरने चमकवा, पुन्हा आवळा.

दुरुस्तीत मोटारपंपाची एकतारी कडक वायर वापरू देऊ नका, गाडीच्या हादऱ्याने ती महिन्यांत तुटते. बहुतारी ऑटो केबल घ्या, लग दाबून बसवा, वर स्लीव्ह. नुसती पिळून टेप मारलेला सांधा आपल्या उन्हात टिकत नाही, गोंद वितळून टेप सरकते. रंग मात्र तोच ठेवा, पांढऱ्याच्या जागी पांढरा. वायर वाकवल्यावर आवरणाचे तुकडे पडत असतील तरच पूर्ण वायरिंगचा विचार करा, आणि तेव्हाही जुनं जुडगं काढून फेकू नका, नवं त्याच्या शेजारी ठेवून मापाला माप बनवून घ्या.

तीन आकडे इथे लिहा: कॉइलचा ओहम, बॅटरी ते एसडब्ल्यू गळणारे व्होल्ट, आणि अर्थिंगचे व्होल्ट. त्यावरून पुढचं सांगतो. आणि मिस्त्रींनी काढलेली पहिली कॉइल अजून घरात पडली असेल तर तीही मोजा. ३ ओहमच्या आसपास निघाली आणि तेल गळत नसेल, तर तीच परत बसवा.